उरलेल्या किडनीचा हिशेब

कुपवाडमध्ये कुणाच्या पोटात गाठ निघाली की रस्ता ठरलेला: मिरज. एमआयडीसीतून सुटलेला माणूस रिक्षाने पोचतो. १९९८ पासून तर सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिकाही एकच आहे. आणि सोनोग्राफीत 'किडनीत गाठ' असं दिसलं, की पेशंटच्या आधी नातेवाईकच बोलून मोकळे होतात: "काढून टाका डॉक्टर, एका किडनीवर माणूस जगतो की!"

वाक्य खरंच आहे. पण ते कुणी सिद्ध केलं, आणि ते नक्की कुणाला लागू पडतं, हे बघायला गेलं तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

१८६९ साल, जर्मनीतलं हायडेलबर्ग. गुस्ताव सायमन या सर्जनकडे एक बाई आली. आधीच्या एका ऑपरेशनमध्ये तिच्या मूत्रवाहिनीला इजा झाली होती आणि लघवी भलतीकडूनच गळत होती. त्या बाजूची किडनी काढली तर गळती थांबणार, हे उघड होतं. पण एका किडनीवर माणूस जगतो का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं! सायमनने आधी कुत्र्यांवर प्रयोग केले, कुत्री जगली, मग २ ऑगस्टला त्याने बाईची किडनी काढली. बाई बरी होऊन घरी गेली. आपल्या नातेवाईकांच्या तोंडातलं वाक्य तिथलं आहे.

गंमत म्हणजे त्याच गावात, १८८७ मध्ये, व्हिन्सेंझ चेर्नी या सर्जनने गाठीसाठी किडनीचा फक्त भाग काढला आणि उरलेली किडनी जागेवर ठेवली. म्हणजे 'सगळी काढा' आणि 'गाठीपुरती काढा' या दोन्ही कल्पना जवळपास एकाच पिढीच्या. विल्यम वॉनलेस हा कॅनडात जन्मलेला मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये भारतात आला, आधी सांगलीत आणि मग मिरजेत स्थिरावला. त्याचं मिरजेचं हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झालं. मिरजेला आज जे 'डॉक्टरांचं गाव' म्हणतात त्याचा पाया तोच. म्हणजे किडनीची सर्जरी आणि मिरजेची सर्जरी साधारण एकाच वयाच्या म्हणायच्या.

मग चेर्नीची कल्पना मागे का पडली? कारण सोपं आहे: रक्त. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी साधारण पाचवा हिस्सा दोन किडन्यांमधून जातो. अशा अवयवाला कापून पुन्हा शिवायचं म्हणजे रक्तस्राव, नाहीतर लघवीची गळती. त्यात गाठ सापडायची तीच मुळी मोठी झाल्यावर, लघवीतून रक्त गेलं की. वाचवण्यासारखं फारसं उरलेलंच नसायचं. पुढे १९६९ मध्ये रॉबसन आणि सहकाऱ्यांनी आपल्या पेशंट्सचे आकडे मांडले: किडनी, भोवतालची चरबी, वरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी, लसिकाग्रंथी, सगळं एकत्र काढायचं. ही 'रॅडिकल' पद्धत मग नियमच होऊन बसली. दुसरी किडनी आहेच की बॅकअपला!

आमच्या धंद्यातलं कुणीही इथे अस्वस्थ होईल. दोन सर्व्हरपैकी एक काढला तर साइट चालू राहते, हे कबूल. पण उरलेल्या सर्व्हरवरचा लोड कोण बघतंय?

कुणी नीट बघतच नव्हतं, आणि मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बघायचं साधन होतं क्रिएटिनीन. आणि हा मॉनिटर फसवा आहे. किडनीचं काम जवळजवळ निम्म्यावर येईपर्यंत क्रिएटिनीनचा आकडा 'नॉर्मल'च्या चौकटीत राहू शकतो. प्रत्येक किडनीत ढोबळमानाने दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळण्या, असतात. जन्मानंतर नवीन तयार होत नाहीत. उरलेल्या गाळण्या जास्त काम करून काही काळ तूट भरून काढतात. रिपोर्ट छान, पेशंट खूश.

१९९९ मध्ये वय, लिंग आणि क्रिएटिनीन यांवरून गाळण्याचा वेग काढणारं एमडीआरडी नावाचं समीकरण आलं. (रिपोर्टवर ईजीएफआर दिसतो तो याच जातीचा.) २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगच्या डॉक्टरांनी लहान गाठींच्या ६६२ पेशंट्सना ते लावून पाहिलं. सगळ्यांना दोन किडन्या, सगळ्यांचं क्रिएटिनीन नॉर्मल. तरी २६ टक्के लोकांची किडनी ऑपरेशनच्या आधीच कमजोर होती! आणि ऑपरेशननंतर तीन वर्षांनी वेग ६० च्या वर टिकून राहण्याची शक्यता गाठीपुरती किडनी काढलेल्यांत ८० टक्के, पूर्ण काढलेल्यांत ३५ टक्के.

'माझ्या मामाने किडनी दान केली, ठणठणीत आहे' हा युक्तिवाद इथे पडतो. दाता निवडून, तपासून घेतलेला निरोगी माणूस असतो. गाठवाला बहुधा पन्नाशी-साठीचा, त्यातल्या अनेकांना बीपी किंवा शुगर असते.

मात्र निकाल इतका सरळ नाही. युरोपात ५४१ पेशंट्सची चिठ्ठ्या टाकून विभागणी केलेली चाचणी झाली, तिचे आकडे २०११ मध्ये आले. दहा वर्षांनी जिवंत असलेले: पूर्ण किडनी काढलेल्या गटात ८१ टक्के, भाग काढलेल्या गटात ७६. उलटंच! किडनीचं काम भाग काढलेल्यांचंच चांगलं राहिलं, पण त्याने आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. यावर अजून वाद आहे. एक अंदाज असा, की सर्जरीमुळे कमी झालेली किडनी शुगर-बीपीने झिजत चाललेल्या किडनीइतकी वेगाने बिघडत नाही. मला तो पटतो. म्हणूनच ज्याला आधीच शुगर-बीपी आहे किंवा जिची लघवीतून प्रथिनं जातात, अशा पेशंटची किडनी वाचवण्यासाठी सर्जनने घाम गाळणं जास्त मोलाचं. गाठ मोठी किंवा अडचणीच्या जागी असेल, तर पूर्ण काढणंही बरोबरच.

आणि टाके निघाल्यावर? बीपी आणि शुगर ताब्यात, वर्षातून निदान एकदा क्रिएटिनीन ईजीएफआरसकट आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी. पाळी संपवून घरी जाताना मेडिकलमधून कंबरदुखीची गोळी मागून घेतो ना आपण, डायक्लोफिनॅक वगैरे, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद. आणि ऑपरेशनच्या आधीचा क्रिएटिनीनचा कागद जपून ठेवा, लॅमिनेट केलात तरी चालेल. पाच वर्षांनी आकडा १.३ आला तर तो मुळात ०.८ होता की १.२, हे त्या कागदाशिवाय कुणाला सांगता येणार?