जिवतीचा कागद आणि मातीचा किल्ला

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत लहान मुले आणि घरचे सणवार यांविषयी काही जुनी माहिती द्यावी, असा संपादक भगिनींचा आग्रह पडला. मी काही इतिहासाची अभ्यासक नव्हे. परंतु घरचा इतिहास बहुतेक बायकांच्याच हातचा असतो आणि तो कागदावर फारसा उतरत नाही. 1893 नंतर गणपती चौकात बसू लागले, त्याची नोंद प्रत्येक पुस्तकात सापडते. पण घरातल्या लेकरासाठी जे सण झाले त्यांची नोंद आई, आजी आणि आत्या यांच्या आठवणीतच राहिली. म्हणून जे पाहिले, जे वाचले आणि वयाबरोबर जे उमगले, ते लिहीत आहे.

सणांचा विषय निघाला की मला प्रथम आठवतो तो माजघरातल्या भिंतीवरचा जिवतीचा कागद. आषाढ संपता संपता, दिव्यांच्या अवसेच्या सुमारास तो बाजारातून येई आणि खळीने भिंतीवर चिकटे. श्रावणातल्या दर शुक्रवारी त्याला हळदकुंकू, आघाडा-दुर्वांची माळ आणि कापसाचे वस्त्र. संध्याकाळी आई पुरणाचे दिवे करून आम्हा भावंडांना ओवाळी. थोरला भाऊ शिकायला परगावी गेला, त्या वर्षी तिने त्याच्या नावाने चार दिशांना अक्षता टाकल्या. अक्षता आमच्या उंबऱ्याबाहेरही गेल्या नाहीत. पण आईचा चेहरा असा झाला की जणू त्या थेट त्याच्या डोक्यावर पडल्या.

त्या कागदावरची चित्रे कधी सावकाशीने पाहिली आहेत का? वर खांबातून प्रकटलेला नरसिंह, म्हणजे प्रल्हादाचा रक्षक. शेजारी कालियाच्या फण्यांवर उभा कृष्ण, म्हणजे डोहाकाठी खेळणाऱ्या गोपाळांचा रक्षक. खाली हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. आणि मध्ये अंगाखांद्यावर मुले घेतलेल्या जरा आणि जिवंतिका. यांतली जरा ही मूळची राक्षसी. महाभारतात कथा आहे की, मगधाच्या बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना बाळाचे दोन अर्धे भाग झाले, ते बाहेर टाकून दिले, आणि जरेने ते उचलून एकत्र धरताच मूल जिवंत झाले. तोच जरासंध. मांस खाणारी ती राक्षसी आमच्या बायकांनी घरात आणून बसविली आणि तिच्याच मांडीवर मुले दिली. जिची भीती वाटते तिलाच सांभाळायला सांगावे, यामागे केवढी व्याकुळता असेल!

ही व्याकुळता उगीच नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी सुमारे 200 मुले पहिला वाढदिवसही पाहत नसत. घरोघरी पाळणा हले, तसाच घरोघरी तो रिकामाही होई. आनंदीबाई जोशी यांची हकीकत आपणां सर्वांना ठाऊक आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. तेच दुःख उराशी धरून त्या 1883 मध्ये अमेरिकेला गेल्या आणि 1886 मध्ये डॉक्टर होऊन परतल्या. पुढे काम करायला आयुष्य उरले नाही. फेब्रुवारी 1887 मध्ये, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच त्या निवर्तल्या. त्यांच्यासारखीच स्थिती असलेल्या हजारो मातांना दुसरा मार्ग नव्हता. त्यांनी शुक्रवार धरला, हिरवी बांगडी भरायची सोडली, तांदळाचे धुवण ओलांडायचे नाही असा नेम केला. आपण त्याला भाबडेपणा म्हणू. पण औषध नव्हते तेव्हा मुलासाठी काहीतरी केल्याशिवाय आईच्याने राहवत नव्हते, हे विसरून चालणार नाही.

मुलांना नेणाऱ्या रोगांत मोठा रोग देवीचा. रोगालाच देवी म्हणायचे, यातच सारे आले. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली. हिंदुस्थानातले ते पहिले यशस्वी देवीचे टोचणे. त्यानंतर पावणेदोनशे वर्षे हे काम चालले. दंडावरचे ते गोल वण आमच्या पिढीतल्या प्रत्येकीच्या अंगावर आहेत. मे 1975 मध्ये भारतात देवीचा शेवटचा रोगी आढळला आणि 1977 मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. आज हजारी बालमृत्यूचा आकडा तिसाच्या आत आला आहे. तोही शून्य व्हावा. पण जिवतीपुढे हात जोडणाऱ्या आमच्या पणजीला हा आकडा सांगितला असता, तर तिचा विश्वास बसला नसता.

आता बोरनहाणाची एक आठवण सांगते. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत लहान मुलाला काळे झबले घालायचे, हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवायचे आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा आणि हलवा यांचा वर्षाव करायचा. ऋतू पालटताना मुलाला बाधू नये, ही त्यामागची श्रद्धा. धाकट्या भावाचे बोरनहाण झाले तेव्हा मी सातेक वर्षांची असेन. त्याचे दागिने केले होते आमच्या आत्याने. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ आणि खसखस, त्यावर चमचा चमचा पाक टाकीत बोटांनी हलवीत राहायचे. घाई केली तर काटा येत नाही. तीन रात्री ती बसली होती आणि तिच्या बोटांची सालटी निघाली होती. बाळाला रोज तेल लावून न्हाऊ घालणारीही तीच, रात्री रडला तर खांद्यावर टाकून फेऱ्या मारणारीही तीच.

पण समारंभाच्या वेळी ती बाहेर आली नाही. आत्या बालविधवा होती. शेजारच्या साऱ्या बायका ओट्या भरून आल्या, त्यांनी बोरे ओतली, आम्ही पोरांनी झुंबड करून लुटली. आणि ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून, बाळ रडतो की हसतो हे कान देऊन ऐकत होती. मी ओंजळभर हलवा तिला नेऊन दिला आणि विचारले, "आत्या, तू का नाही ग ओतलीस बोरे?" ती म्हणाली, "मी रोज ओतते हो, पाणी." एवढेच बोलून ती चुलीकडे वळली.

मुलाला काही होईल या भीतीतून हे सण जन्मले, आणि त्याच भीतीने एखादीचा हात अशुभ ठरविला. ज्या हाताने मूल वाढते तो हात त्याला बाधेल कसा, हा प्रश्न त्या दिवशी कोणीच विचारला नाही. माझ्या आईनेही नाही. तिला दोष देत नाही. तिची पहिली दोन मुले गेली होती, आणि धोका पत्करायचे बळ तिच्यात उरले नव्हते. परंतु आज ते भय सरले असताना तो निर्बंध मात्र कित्येक घरांत जसाच्या तसा आहे. रोग गेला आणि पथ्य राहिले, असा हा प्रकार.

भयाच्या या सणांच्या शेजारीच मुलांचे दुसरे सण वाढले, ते खेळाचे. श्रावणी अमावास्येला पिठोरीच्या पूजेत आई वाण डोक्यावरून मागे धरते आणि विचारते, "अतीत कोण?" मागे उभे असलेले मूल "मी" म्हणून ते घेते. आईने ओवाळायचे आणि मुलाने मुकाट्याने बसायचे, असे येथे नाही. येथे मुलाला उत्तर द्यावे लागते. त्याच दिवशी पोळा. शेतकऱ्याच्या घरी खरे बैल सजतात, तर इतरांच्या घरी मुले मातीचे बैल करतात; विदर्भात दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा भरतो. पुढे पाटावर हत्ती काढून भोंडला येतो, आणि तिथे खिरापत ओळखण्यात मुलींची बुद्धी पणाला लागते. आणि दिवाळीत किल्ला.

किल्ल्याला पूजा नाही, मंत्र नाही, मुहूर्त नाही. विटा, दगड, पोते आणि चिखल एवढे भांडवल. आधी चार दिवस अळीव किंवा मोहरी पेरायची, म्हणजे वसुबारसेला डोंगर हिरवा होतो. बुरूज ढासळतो, पुन्हा लिंपायचा. महाराजांना सिंहासनावर बसवायचे आणि मावळ्यांना गुहेच्या तोंडाशी. कोणी शिकवीत नाही. थोरला धाकट्याला सांगतो आणि धाकटा पुढच्या वर्षी थोरला होतो.

मुलांच्या या कामाला शिक्षणात मानाचे स्थान मिळवून दिले ते बालशिक्षणाच्या चळवळीने. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. आपल्या ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. लहान मूल म्हणजे अपुरा माणूस नव्हे, त्याला स्वतःच्या हातांनी करू द्या, मारू नका, भिववू नका, हे त्यांनी घरोघर सांगितले. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. गरिबांची मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. शिंपले, खडे, पाने, बिया हीच तिची साधने. पुढे 1957 पासून कोसबाडला आदिवासी मुलांत हे काम वाढले, आणि अनुताई वाघ यांनी ते आयुष्यभर चालविले. देशभर जी अंगणवाडी योजना 1975 मध्ये सुरू झाली, तिचे नाव कोणत्या अंगणातून आले हे वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी देवीचा शेवटचा रोगी आढळला होता. मूल जगविण्याची आणि मूल फुलविण्याची, अशा दोन्ही वाटा एकाच वर्षी एका टप्प्याला पोहोचल्या, असे मला वाटते.

सणाचा दिवस नसला तरीही हे साधते. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्यातला न्हाणाचा प्रसंग आठवा. ओल्या पायांना माती लागेल म्हणून श्याम हट्ट करतो आणि आई आपला पदर पसरते. खर्च काही नाही, पाहुणे नाहीत, रोजची अंघोळ. पण तो दिवस मुलाच्या मनातून कधी गेला नाही.

हे सगळे जाणणाऱ्या मीही एक चूक केली, ती कबूल करते. काही वर्षांपूर्वी नातवाला दिवाळीत बाजारातला तयार किल्ला आणून दिला. गॅलरीत चिखल नको, घराला नुकताच रंग दिला आहे, असा विचार केला. किल्ला सुरेख होता. त्याला बुरूज, दरवाजा, सगळे होते. नातवाने दोन मिनिटे पाहिला आणि विचारले, "आजी, आता मी काय करू?" मला उत्तर सुचेना. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन बागेतली दोन घमेली माती आणली. झालेला किल्ला वाकडा होता आणि पाडव्याला अर्धा खचला. भाऊबीजेपर्यंत तो पठ्ठ्या त्याला लिंपीत होता. गॅलरीचा रंग गेला तो गेलाच.

भगिनींनो, पणजीच्या काळी मूल हाती लागेल की नाही, ही चिंता होती. आज मूल हाती आहे. पण त्याच्या हाताला काही काम आपण ठेवतो का, हा प्रश्न आहे. बोरनहाणाला सजावट भाड्याने येते, छायाचित्रे निघतात, आणि पाटावरचे बाळ दिव्यांच्या झोताने भेदरून रडते. ते सारे मुळीच नको असे नाही. पण आधी बाळ हसते का ते पाहावे.

आणि एक विनंती. येत्या संक्रांतीला मंडळातर्फे बोरनहाण करावे. पहिली ओंजळ कोणाची, हे कुंकवावरून ठरवू नये. ज्या बाईने त्या मुलाला न्हाऊ घातले, निजविले, सांभाळले, ती आई असो, आजी असो, आत्या असो की पाळणाघरातल्या मावशी असोत, तिच्या हातून पहिली बोरे पडावीत. माझ्या आत्याला ती ओतता आली नाहीत. हलवा मात्र मी तिच्याकडून शिकून घेतला आहे. मंडळासाठी परात घेऊन बसायला मी तयार आहे. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी संक्रांतीच्या आधी तीन रात्री मोकळ्या ठेवाव्यात.