टाक्यांनी जोडलेली मिरर

लाकडी होडी बांधण्याची जुनी रीत अशी: आधी कणा, मग फासळ्या, मग वाकवून बसवलेल्या फळ्या. त्याला हात मुरलेला सुतार हवा. ब्रिटनमध्ये १९६०च्या आसपास केन लिटलडाइक या शिक्षकाने कयाक बांधताना ही रीतच बाजूला ठेवली. प्लायवूडचे बेतलेले तुकडे त्याने कडांना टाके घालून जोडले आणि शिवणीवर फायबरग्लासची पट्टी रेझिनने चिकटवली.

टीव्हीवर लोकांना घरदुरुस्ती शिकवणारे बॅरी बकनेल यांनी ही युक्ती शिडाच्या होडीला लावली. जॅक होल्ट या मुरब्बी रचनाकाराने तिच्यावरून हात फिरवला, ‘डेली मिरर’ हे वर्तमानपत्र पाठीशी उभे राहिले आणि १९६२ साली ‘मिरर’ आकाराला आली. सुटे भाग घरपोच, किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. शिडे लाल, कारण वर्तमानपत्राचा रंग लाल. जाहिरात इतकी देखणी क्वचितच असते!

खरी गंमत बांधणीत आहे. कडांना भोके पाडायची, तांब्याच्या तारेचे तुकडे ओवून पिळायचे. पीळ आवळत गेला की सपाट तुकडे आपोआप वाकतात आणि होडीचा घाट उभा राहतो. म्हणजे आकार सुताराच्या नजरेत नाही, कापलेल्या कडेतच दडलेला. आतून पट्टी चिकटून घट्ट झाली की बाहेरची तार छाटून टाकायची. आपल्या अरबी समुद्रातली गलबतेही शिवलेलीच असत; गोव्यात अलीकडे बांधलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज त्याच जुन्या रीतीचे. पण तिथे काथ्याचा टाका जन्मभर भार वाहतो, मिररचा टाका रेझिन सुकेपर्यंतचा पाहुणा.

होडी जेमतेम ३.३ मीटर, गाडीच्या टपावर मावणारी. पुढची नाळ टोकदार नाही, बोथट चौकोनी. डोलकाठी दोन तुकड्यांची, म्हणून काठ्या होडीच्या पोटात राहतात. अशा सत्तर हजारांहून अधिक झाल्या. सँडी मॅकिनन नावाचा एक जण तर एका मिररमधून इंग्लंडहून काळ्या समुद्रापर्यंत गेला.

आता त्यातल्या पुष्कळ साठीला आल्या आहेत. मिररचा वैरी समुद्र नव्हे, पावसाचे साचलेले पाणी. ते प्लायवूडच्या उघड्या कडेतून आत मुरते आणि हवाबंद कप्प्यांत कोंडलेल्या दमटपणाने लाकूड कुजते. म्हणून होडी पालथी ठेवायची, कप्प्यांची झाकणे उघडी ठेवायची, कुजका तुकडा कापून नवा बसवायचा. एखादी मिरर संग्रहालयात जपली, तर चांगलेच. पण घरी बांधता येते ती घरी दुरुस्तही होते. माझ्या मते या होडीचे खरे जतन संग्रहालयांपेक्षा गॅरेजांमध्येच झाले आहे.