टेलचं पाणी, प्रभाकरचा उजेड

पाटाला पाणी सुटलं की ते दिवसरात्र वाहतं, आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या, माणसाच्या वाट्याला त्यातली रात्र येते. दिवसा वरच्या अंगाच्या गावांची दारं उघडी असतात; वरची माणसं दारं लावून, जेवून झोपली की मग कुठं खाली ओढ लागते. म्हणून बावड्याच्या जुन्या माणसांनी कालव्याबद्दल जे सांगितलं ते बहुतेक रात्रीचं आहे, आणि त्यांच्या गोष्टींत कालव्याबरोबर हटकून कंदील येतो. नुसता कंदील ते म्हणत नाहीत. ‘प्रभाकर’ म्हणतात, घरातल्या माणसाला हाक मारावी तसं.

बावडा इंदापूर तालुक्यात, नीरेच्या अंगाला. तुकोबांची पालखी इंदापूर सोडून सराटीला निघाली की वाटेत बावडा लागतं. नीरा डाव्या कालव्याचा हा शेवटाकडचा मुलूख. सरकारी कागदात कालवा बंधाऱ्यापासून सुरू होतो आणि आमच्यापाशी संपतो. आमच्या घरात तो उलट्या टोकानं सांगितला जायचा, म्हणून मीही तो खालून वर चाललो, तुकड्या-तुकड्यानं, कधी भरावावरून, कधी खालच्या गाडीवाटेनं. चालताना डोक्यात आप्पांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या गोष्टी असायच्या; त्यामुळे वाट जरा लांबायची, कारण प्रत्येक मोरीपाशी त्यांचं काहीतरी घडलेलं होतं.

पहिला टप्पा शेटफळच्या तलावाचा. कालव्याचं पाणी या तलावात भरून घ्यायचं आणि तिथून आजूबाजूच्या गावांना द्यायचं, ही इकडची रीत. तलाव भरतोय की नाही, हा आमच्याकडं पावसाइतकाच चर्चेचा विषय. आप्पा म्हणायचे, “धरण भरल्याचं पुण्याला कळतं, तळं भरल्याचं आपल्याला.” पाण्यासाठी सात नंबरचा फॉर्म भरायचा, पाटकऱ्याची वाट बघायची, आवर्तन कधी सुटलं याच्या बातम्या बाजारात ऐकायच्या. पाणी बारामतीपर्यंत आलं, सणसरपर्यंत आलं, अशी ती बातमी गावागावानं खाली सरकायची. पाणी येण्याच्या आधी पाण्याची बातमी यायची आणि बऱ्याचदा बातमीच फक्त यायची.

पाळी रात्रीची आली की तयारी संध्याकाळपासून. खोरं, घोंगडं, भाकरीचं फडकं, आणि प्रभाकर. त्याआधीच्या पिढीकडं चिमणी असायची, पत्र्याच्या डबीत वात घातलेली, उघड्या ज्योतीची. वावरात तिचा काही उपयोग नाही. सरीच्या कडेला ठेवली आणि वाऱ्याची झुळूक आली की गेली. प्रभाकरला दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या नळ्या, मधे काच, वर छत्री. नळ्यांतून ज्योतीला हवा मिळते, पण वारा थेट लागत नाही. दारं धरणाऱ्या माणसाला याहून जास्त काही नको असतं. एका बाऱ्यातलं पाणी दुसऱ्यात मोडायचं म्हणजे दोन्ही हातांत खोरं हवं. कंदील बांधावर ठेवता आला पाहिजे आणि ठेवलेला तिथंच जळत राहिला पाहिजे.

त्याला वैरी एकच, पाणी. तापलेल्या काचेवर चिखलाचा थेंब उडाला की तट्‌कन तडा. थंड थेंबाखालची काच एकदम आकसते, बाजूची तापलेलीच राहते, आणि त्या ओढाताणीत ती फुटते. ज्या पाण्यासाठी रात्र जागायची त्याच पाण्यानं दिवा घालवायचा! थोरली आत्या काच पुसायचं काम करायची. मोठ्या माणसाचा हात काचेत जात नाही, म्हणून ते काम पोरींकडं. चुलीतली चाळलेली राख आणि मऊ चिंधी. “दारं धरणार आप्पा, चिखल उडवणार आप्पा, अन् काच फुटली की बोलणी मला,” असं ती सत्तरी उलटल्यावरही फणकाऱ्यानं सांगायची. नवी काच आणायची म्हणजे इंदापूरच्या नाहीतर अकलूजच्या बाजाराची वाट बघायची. तोवर तडा गेलेल्या काचेवर कागद चिकटवून भागवायचं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट उजेडाच्या दुसऱ्याच उपयोगाची आहे. आप्पा भरावावर चढून वरच्या अंगाला बघायचे. अंधारात लांबवर कंदील हलताना दिसायचे. एका जागी बराच वेळ दोन-तीन कंदील थांबलेले दिसले की समजायचं, तिथं दार उघडं आहे, पाणी तिकडं वळलंय. कंदील पुढं सरकले की आपलं पाणी तासा-दोन तासांत. आभाळातलं तिकांडं माथ्यावर यायच्या आत पाणी आलं तर रात्र कारणी लागली. “आणि चोरून फोडणारे?” मी विचारलं होतं. “ते कुठं कंदील लावत्यात? जिथं अंधार दाट, तिथं पाणी फुटलंय म्हणायचं,” आप्पा म्हणाले. मग जरा थांबून, “आम्हीबी एकदा वात बारीक केली हुती.” याच्या पुढं ते कधी बोलले नाहीत.

वर जाताना सणसर, भवानीनगर, काटेवाडी लागतात. ही पालखीची गावं. सणसरला तुकोबांचा मुक्काम, पुढं बेलवाडीला गोल रिंगण, काटेवाडीला मेंढ्यांचं. आषाढात या वाटेनं चालणाऱ्या लाखो माणसांना कालवा बाजूला दिसतो, पण कालव्याची म्हणून एक वाट आहे हे कुणाच्या मनात येत नाही. इथल्या उसाच्या फडांतून जाताना आमच्या गावाचा हेवा जागा होतो, तो लपवण्यात अर्थ नाही. पाणी इथं आधी येतं. पण वरच्या गावांचंही एक दुखणं होतं. काळ्या जमिनीला पाणी जास्त झालं की खालचे क्षार वर येतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत बारामतीच्या आसपास कालव्याखालच्या कितीतरी जमिनी चोपण झाल्या, त्यांतलं पाणी काढायला चर खणावे लागले. १९१६ मध्ये मुंबई सरकारनं पाण्याच्या अशाच प्रश्नांसाठी एक खास विभाग काढला, तोच पुढं खडकवासल्याची मोठी जलसंशोधन संस्था झाला. वरच्यांची जमीन पाण्यानं गेली, खालच्यांची पाण्यावाचून राहिली. आप्पांना हे सांगितल्यावर त्यांच्या तोंडावर जे समाधान दिसलं ते काही फार उदात्त नव्हतं.

सुरुवातीला हे पाणी कुणाला नकोच होतं, हेही खरं. चांगल्या पावसाच्या वर्षी शेतकरी पाणीपट्टी भरायला तयार नसत, आणि दुष्काळात सगळे एकदम मागत. त्यावर उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या या तरुण इंजिनियरनं नीरा कालव्यावर ब्लॉकची पद्धत आणली: ठरावीक गट करून त्यांत पाण्याची हमी, आणि ऊस फिरत्या तुकड्यावर, बाकीच्यात हलकी पिकं. ‘उसाचा ब्लॉक’, ‘फळबागेचा ब्लॉक’ हे शब्द आमच्याकडं अजून बोलण्यात आहेत. उसाची खरी हिंमत केली ती सासवडकडून आलेल्या माळी बागायतदारांनी. ते कालव्याच्या कडेनं खाली सरकत गेले, खंडानं जमिनी घेतल्या, गुळाची गुऱ्हाळं लावली, आणि १९३२ मध्ये नीरेपलीकडं माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. बारामतीच्या गुळाच्या पेठेला १९१४ पासून दौंडची छोटी रेल्वे मिळाली होती. गूळ त्या गाडीनं जायचा, आणि घासलेटचे डबे, कंदील, काचा बाजारात यायच्या.

बारामती शहरातून कालवा सरळ मधून जातो. तिथून पुढं मुखाकडं, वीरच्या बंधाऱ्याकडं निघालं की गोष्ट आणखी जुनी होते. ती आप्पांच्या आजीची. तिला आप्पांनी पाहिलं होतं, मी नाही. पण तिची पाटी आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती. १८७६ च्या दुष्काळात इंदापूर, भीमथडीची माणसं गुरं सोडून देऊन दुष्काळी कामांवर गेली. नीरेचा कालवा त्याच वेळी कामाला लागला. बाया डोक्यावर मातीची पाटी घेऊन भरावावर चढायच्या आणि उतरताना पाटी उलटी डोक्यावर घ्यायच्या, उन्हासाठी. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपलनं मजुरीत धान्य कापून रोज एक पौंडावर आणलं. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी त्या मजुरीवर काम करायला नकार दिला आणि कामं सोडून चालू लागले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची कैफियत मांडली. आप्पांच्या आजीला टेंपल कोण हे माहीत नसणार. तिला एवढंच आठवत होतं की एक दिवस मुकादमानं माप बदललं आणि सगळ्या बायका पाट्या तिथंच पालथ्या घालून उठल्या. तीही उठली. आणि चार दिवसांनी परत गेली, कारण लेकरं होती. इतिहासात पहिला भाग येतो. दुसरा भाग घरात सांगतात.

१८८५ च्या सुमारास कालव्यातून पाणी खेळू लागलं. लांबी सुमारे शंभर मैल. पाण्याचा साठा करायला वर भोरच्या अंगाला वेळवंडी नदीवर भाटघरला धरण बांधलं, त्याच्या तलावाला व्हाइटिंग या इंजिनियरचं नाव. ते धरण पुरेना म्हणून त्याच्या खालच्या अंगाला आणखी उंच लॉइड धरण बांधलं, ते १९२८ च्या आसपास पुरं झालं, आणि जुनं धरण नव्याच्या पाण्यात बुडालं. धरण धरणात बुडालं हे आप्पांना फार गमतीचं वाटायचं.

कालव्याची वाट इथं संपवायची असं कुणी म्हणेल. मी म्हणतो, नीरा स्टेशनवर यावं आणि मिरजेकडची गाडी पकडावी. त्याच लायनीवर कऱ्हाडचं स्टेशन आहे, आणि ते कऱ्हाड गावात नाही, ओगलेवाडीला आहे. प्रभाकरचा जन्म तिथला. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या हद्दीत काचेचा कारखाना उभारला. किर्लोस्करांना १९१० मध्ये किर्लोस्करवाडीसाठी जागा देणारं संस्थान तेच, पंतप्रतिनिधींचं. महायुद्ध चालू होतं, जर्मनी-ऑस्ट्रियाचं काचसामान येणं बंद झालेलं. पुढं काचेच्या जोडीला पत्र्याचा कंदीलही तिथंच होऊ लागला, आणि बंधूंनी त्याला आपल्या वडिलांचं नाव दिलं. तोपर्यंत वाऱ्यात टिकणारा कंदील म्हणजे अमेरिकेचा डीट्‌झ नाहीतर जर्मन माल. तो इथल्या भट्टीत करायचा म्हणजे सोपं नव्हतं. तापलेली काच हळूहळू निववावी लागते. घाईनं निवली तर आत ताण राहतो आणि ती थेंबाचीही वाट न बघता फुटते. वाळूचीही अडचण. आमच्या काळ्या दगडाच्या मुलखातल्या नदीच्या वाळूत लोह फार, तिची काच हिरवट होते. नीरेच्या काठी एवढी वाळू, पण कंदिलाच्या काचेला ती चालायची नाही.

ओगल्यांच्या आधी तळेगाव दाभाड्याला एक भट्टी पेटलेली होती. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरून पैसा फंड उभा केला, टिळकांनी त्याला बळ दिलं, आणि १९०८ मध्ये त्या पैशांतून तळेगावचा काच कारखाना सुरू झाला. जपान-अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथं पहिल्या काळात होते. आमच्या पणजोबांनी बारामतीच्या बाजारात त्या फंडाच्या डब्यात पैसा टाकला होता, असं घरात सांगतात. याला पुरावा काही नाही. पण आप्पा काच फुटली की म्हणायचे, “आपलाच पैसा फुटला.”

वीज आली, पंप आले, उजनीचं पाणी तालुक्याच्या दुसऱ्या अंगानं आलं, आणि प्रभाकर माळ्यावर गेला. ओगलेवाडीचा कारखानाही बंद झाला. स्टेशनजवळ उतरून चौकशी केली की वयस्कर माणूस हातानं दिशा दाखवतो, आणि आपण कुठून आलो ते विचारतो. बावडा म्हटल्यावर एकानं विचारलं, “तिकडं उसाला पाणी रात्रीच का?” काचेच्या गावातल्या माणसाला आपला माल कुठल्या कामाला जात होता हे पक्कं माहीत होतं.

कुणाला ही वाट चालायची असेल तर आवर्तन चालू असताना चालावी, कोरड्या कालव्यात बघण्यासारखं काही नाही. दिवसा चाललात तर झाडं, मोऱ्या, इंग्रजी अमदानीतली दगडी कामं दिसतील. पण निदान एक टप्पा रात्री करावा, गावातलं कुणी बरोबर घेऊन. शेतीपंपाची वीज अजून आठवडा-आठवड्यानं रात्रीची असते. माझा चुलतभाऊ या वयातही बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जातो. उसात आता बिबटे येतात म्हणून बरोबर कुणीतरी लागतं. मागच्या खेपेला मी त्याला म्हणालो, एवढं सगळं बदललं, पाळी मात्र रात्रीचीच राहिली. तो म्हणाला, “दिवसाची वीज कारखान्याला लागती ना. तू आता बडबड कमी कर अन् बॅटरी खाली धर, सरी दिसंना झालीय.”