हरित जागा : जमीनवापर व मालकी

वस्तीच्या आतील किंवा लगतची झाडे, गवत, शेती अथवा पाणी असलेली बिनबांधकामाची जमीन म्हणजे हरित जागा. उद्याने, मैदाने, वने, गुरचरण, देवराया व तलावकाठ त्यांत मोडतात. अशी जागा टिकेल की नाही हे तिच्यावरील झाडांपेक्षा सातबारावरील मालकी आणि नियोजनात ठरलेला वापर यांवर जास्त अवलंबून असते.

मालकी : उदाहरणादाखल ठाणे जिल्ह्यात मालकीचे तीन प्रकार ठळक आहेत. वनखात्याच्या जमिनीला वनकायद्यांचे संरक्षण आहे. वनहक्क कायदा, 2006 नुसार तेथे ग्रामसभेला सामूहिक हक्क मिळू शकतो. गुरचरण शासनाचे, पण वापर गावाचा. म्हणूनच तेथे अतिक्रमण लवकर होते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 मधील जगपाल सिंग निकालानंतर राज्य शासनाने 12 जुलै 2011 च्या निर्णयाने अशा जमिनी खासगी कारणांसाठी देण्यावर निर्बंध घातले. तिसरा प्रकार खासगी जमिनीचा. ती मालकाला उत्पन्न देते तोवर हिरवी राहते. वरकस म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर नाचणी, वरी व गवत होई, भाताच्या राबासाठी (रोपांची जागा भाजण्यासाठी) पालापाचोळा मिळे. गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. हे उत्पन्न घटले आणि भूखंडाचा भाव वाढला, की जमीन बिगरशेती होते.

नियोजन : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार विकास योजनेत उद्यान वा मैदानाचे आरक्षण टाकता येते. मात्र आरक्षणाने मालकी बदलत नाही. 10 वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो. पुढील ठरलेल्या मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण संपुष्टात येते. रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क (अन्यत्र वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊनही जमीन ताब्यात घेता येते.

मुंबईतील अनुभव : 1991 च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा पुनर्विकास करताना एक वाटा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला व उरलेला मालकाला मिळायचा होता. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती ठेवली; 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली आणि गिरणगावाच्या वाट्याची मोकळी जागा फार आक्रसली. उलट बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान वनजमीन असल्याने महानगराच्या मध्यावर टिकून आहे. आरेची जमीन दुग्धविकास खात्याची असल्याने तेथील झाडीचे भवितव्य दीर्घकाळ शासनाच्या निर्णयांवर हेलकावत राहिले.

किन्हवली परिसर : ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील किन्हवली गावाभोवती भातखाचरे, वरकस, गुरचरण व वन अशी हरित जागेची चार रूपे आढळतात. याच तालुक्यात 1892 मध्ये पूर्ण झालेल्या तानसा धरणाभोवतीचे रान मुंबईच्या पाण्यासाठी राखले गेले आणि पुढे अभयारण्य झाले. शहापूर व शेजारच्या मुरबाड येथे नगरपंचायती आल्या. 2025 मध्ये पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो. त्यामुळे जमिनीची मागणी वाढणे अटळ आहे. गुरचरणाची मोजणी करून हद्द कायम करणे, सामूहिक वनहक्काचे दावे मार्गी लावणे आणि तलाव-ओढ्यांची महसुली नोंद तपासणे ही कामे आज कमी खर्चात होतात. दर वाढल्यावर तीच जमीन विकत घेणे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर जाईल, म्हणून ही कामे आत्ताच झाली पाहिजेत.