'एकमेव' कोण ठरवितो? : अमेरिकेच्या दक्षिण सीमेवरील संशोधन-करारांचा इतिहास

(१)

मराठीतील 'मक्ता' आणि 'मक्तेदारी' या शब्दांचा संबंध अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. मक्ता म्हणजे ठरीव अटींवर घेतलेले काम अथवा उत्पन्नाचा ठेका. मक्तेदारी म्हणजे दुसऱ्या कोणासही वाव न ठेवणारा अधिकार. एकाकडे सोपविलेले काम कालांतराने त्याच्याच हक्काचे होऊन बसते, ही व्यवहारातील घटना या अर्थांतरात जणू साठून राहिली आहे. याच्या उलट 'निविदा' हा शब्द 'निवेदन' या शब्दाच्या कुळातला असून, कळविणे, जाहीर करणे ही कल्पना त्याच्या मुळाशी आहे. सार्वजनिक खरेदीची दोन भिन्न तत्त्वे या शब्दांत व्यक्त होतात. शासनाने आपली गरज सर्वांस कळवावी व येणाऱ्या देकारांतून निवड करावी, हे एक. जो जाणता आहे त्याच्याकडे काम थेट सोपवावे, हे दुसरे.

सामान्य मालाच्या खरेदीत या दोहोंपैकी कोणते तत्त्व इष्ट, याविषयी फारसा वाद नाही. ज्ञानाची खरेदी करावयाची असते, त्या वेळी मात्र प्रश्न अवघड होतो. सीमेचे रक्षण कसे करावे, कोणती साधने वापरावीत, ती उपयोगी पडतात की नाही, हे सांगणारे संशोधन व तांत्रिक साहाय्य शासन विकत घेते, तेव्हा 'हे काम करू शकणारी संस्था एकच आहे' असे कारण वारंवार पुढे केले जाते. प्रस्तुत निबंधात अमेरिकेच्या मेक्सिकोलगतच्या सीमेचे उदाहरण घेऊन या कारणाची ऐतिहासिक तपासणी करावयाची आहे. 'एकमेव' संस्था बहुधा आयती आढळत नाही, ती घडत जाते. आणि तिच्या घडणीत खुद्द शासनाचाच मोठा वाटा असतो, असे या तपासणीवरून दिसून येईल.

(२)

अमेरिकन संघराज्यात सरकारी खरेदी जाहीर रीतीने व्हावी, हा दंडक जुना आहे. १८०९ च्या कायद्यात त्याचा उगम सापडतो आणि १८६१ च्या कायद्याने तो दृढ केला. परंतु तातडीची गरज हा अपवाद त्या वेळीही मान्य झालेला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर संमत झालेल्या १९४७ च्या सैन्य-खरेदी कायद्याने जाहीर निविदा हा नियम कायम ठेवला खरा. पण वाटाघाटीने करार करण्यास मुभा देणारे १७ अपवादही त्यास जोडले. अपवादांची संख्या इतकी झाल्यावर नियमाचे नियमपण कितपत उरते, हा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला.

१९८४ च्या करार-स्पर्धा कायद्याने या स्थितीत महत्त्वाचा पालट केला. 'पूर्ण व खुली स्पर्धा' हा मानदंड ठरला आणि अपवाद सातांवर आले. समर्थ पुरवठादार एकच असणे, असाधारण निकड, आवश्यक संशोधनक्षमता टिकवून धरणे, राष्ट्रीय सुरक्षितता, ही त्यांतील काही होत. परंतु या कायद्याचे खरे वैशिष्ट्य अपवाद कमी करण्यात नसून, अपवाद करणाऱ्या अधिकाऱ्याने लेखी कारण दिलेच पाहिजे, या सक्तीत आहे. रक्कम जितकी मोठी, तितकी वरिष्ठ अधिकाऱ्याची मान्यता आवश्यक ठरली. आगाऊ नियोजन केले नाही म्हणून वेळ उरला नाही, हे कारण कायद्याने स्पष्टपणे अग्राह्य मानले. शासनाच्या स्वतःच्या हलगर्जीपणातून निर्माण झालेली निकड ही निकडच नव्हे, असा त्याचा आशय होय.

(३)

आता ज्ञान पुरविणाऱ्या संस्थांकडे वळू. न्यू मेक्सिकोतील सँडिया प्रयोगशाळेचा कारभार १९४९ साली दूरध्वनी-व्यवसायातील एटी अँड टी या कंपनीकडे सोपविण्यात आला. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्यासाठी कंपनीच्या अध्यक्षांना स्वतः पत्र पाठविले होते. निविदा मागविण्याचा प्रश्नच नव्हता. कंपनीने हे काम नफा न घेता स्वीकारले व १९९३ पर्यंत चालविले. प्रयोगशाळेची मालकी शासनाची आणि चालक खाजगी, अशी ही रचना होती. प्रयोगशाळेचे मूळ काम अण्वस्त्रांच्या अभियांत्रिकीचे. त्यातूनच पुढे अण्वस्त्र-केंद्रांच्या संरक्षणाचे, म्हणजे कुंपणे, संवेदक व पहारा यांचे शास्त्र तेथे विकसित झाले.

अशा व्यवस्थेचे धोके त्या काळीही ओळखले गेले होते. १९६२ साली अंदाजपत्रक विभागाचे संचालक डेव्हिड बेल यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना जो अहवाल सादर झाला, त्यात संशोधनाची कामे बाहेरच्या संस्थांना देण्याची उपयुक्तता मान्य करूनही एक मर्यादा आखून दिली होती. कोणते काम करावयाचे, ते कोणाकडून करून घ्यावयाचे आणि झालेल्या कामाचे मोल काय, हे ठरविण्याची पात्रता शासनाच्या स्वतःच्या सेवकवर्गात असलीच पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन होते. ही पात्रता लोपली, तर करार देणारा नावापुरताच धनी उरतो.

(४)

सीमा-रक्षणाच्या तंत्रविद्येचा मार्ग व्हिएतनाममधून जातो. १९६६ साली संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी उत्तरेकडून दक्षिणेकडे होणारी माणसांची व सामग्रीची वाहतूक रोखण्यासाठी इलेक्ट्रॉनिक अडसराची योजना हाती घेतली. विमानांतून टाकलेले भूकंप-संवेदक व ध्वनि-संवेदक पावलांची व वाहनांची चाहूल टिपत आणि थायलंडमधील नाखोन फनोम येथील केंद्रात संगणकांच्या साहाय्याने तिचा अर्थ लावला जाई. संवेदकांच्या विकासात सँडियाच्या अभियंत्यांचा सहभाग होता. ही योजना १९७३ च्या सुमारास आटोपली. परंतु तिचे ज्ञान व काही अंशी तिचे सामानही मायदेशी परतले. १९७० नंतरच्या दशकात मेक्सिकोच्या सीमेवर भूमिगत संवेदक आले. पुढे १९९० च्या सुमारास सॅन दिएगोजवळ जे कुंपण उभे राहू लागले, ते व्हिएतनाम युद्धाच्या काळातील तात्पुरत्या धावपट्ट्यांच्या पोलादी पत्र्यांचे होते.

या पार्श्वभूमीवर जानेवारी १९९३ मध्ये सँडियाचा नैर्ऋत्य सीमेविषयीचा अहवाल सादर झाला. लोकांना आत आल्यावर पकडण्यापेक्षा त्यांना प्रवेशापूर्वीच रोखावे आणि त्यासाठी शहरी भागांत एकामागे एक अशी अनेक कुंपणे उभारावीत, ही त्याची मुख्य शिफारस. १९९४ मध्ये सीमा-दलाने स्वीकारलेल्या 'प्रतिबंधक' धोरणाशी ती पूर्णतः जुळणारी होती आणि सॅन दिएगो येथील तिहेरी कुंपणाची तरतूद १९९६ च्या कायद्यात झाली. अणुकेंद्राच्या आवाराचे रक्षण करणारे शास्त्र सुमारे ३,१४५ किलोमीटरच्या सीमेस लावले गेले, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु आवाराला चारही बाजू असतात. सीमेला ओसाड टोके असतात. शहरांतील वाटा बंद झाल्या, तेव्हा माणसे वाळवंटाकडे वळली. १९९५ नंतरच्या दशकात सीमा ओलांडताना होणारे मृत्यू दुप्पट झाले आणि त्या वाढीचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग ॲरिझोनातील टूसान विभागात घडला, असा निष्कर्ष संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००६ साली काढला. एकाच विद्याशाखेची दृष्टी ज्या प्रश्नावर पडते, त्या प्रश्नाचा आकारही त्या विद्याशाखेसारखाच दिसू लागतो. आणि त्याची किंमत सल्ला देणाराही भरीत नाही, घेणाराही भरीत नाही.

(५)

यानंतरचा अनुभवही उद्बोधक आहे. १९९७ नंतर उभारलेल्या कॅमेरे व संवेदकांच्या व्यवस्थेची गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांनी डिसेंबर २००५ मध्ये तपासणी केली. संवेदकांच्या इशाऱ्यांवरून धावून गेलेल्या पथकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक पथकांचा फेरा व्यर्थ ठरत होता. दक्षिण सीमेवर जेमतेम २ टक्के इशाऱ्यांतून कोणास अटक होई. तत्पूर्वी अनेक वर्षे ही व्यवस्था वाढतच राहिली होती.

२००६ च्या सप्टेंबरात 'एसबीआयनेट' या नव्या योजनेचा करार बोइंग कंपनीस देण्यात आला. हा करार स्पर्धेतून दिला गेला होता, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. परंतु त्याचे स्वरूप असे, की कामाचे प्रमाण आरंभी ठरलेले नव्हते. पुढील प्रत्येक काम त्याच कराराखाली सोपवावयाचे होते. स्पर्धा एकदा झाली आणि नंतर कित्येक वर्षे संयोजक एकच राहिला. सासाबेजवळच्या २८ मैलांच्या पहिल्या टप्प्यासच अनेक महिन्यांचा विलंब लागला. सुमारे १ अब्ज डॉलर खर्चून ॲरिझोनातील अवघे ५३ मैल व्यापल्यावर जानेवारी २०११ मध्ये योजना रद्द झाली. यावरून निविदा काढली की मक्तेदारी टळली, ही समजूत किती भाबडी आहे, ते ध्यानात यावे.

तथापि या प्रकरणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २००२ च्या गृहसुरक्षा कायद्याने खात्यासाठी एक स्वतंत्र संशोधन-संस्था स्थापन करण्याचे ठरविले व २००४ पासून ती काम करू लागली. अशा संस्थांना खात्याकडून कामे थेट मिळतात. मात्र यंत्रसामग्री विकण्याच्या स्पर्धेत त्यांना उतरता येत नाही. एसबीआयनेटला पर्याय कोणते, याचे विश्लेषण याच परंपरेतील संस्थेने केले आणि योजना थांबविण्याच्या निर्णयात त्याचा उपयोग झाला. म्हणजे थेट सोपविलेले संशोधन सदैव शासनाची री ओढते, असेही नाही. ज्याला पुढचे यंत्र विकावयाचे नाही, त्याला मागचे यंत्र निकामी आहे असे सांगणे परवडते.

(६)

एकंदरीत, प्रश्न स्पर्धा हवी की नको, एवढ्यापुरता नाही. पहिले काम ज्यास मिळते त्याच्याजवळ नकाशे, नोंदी, अनुभवी माणसे व आधीच्या चुकांची माहिती साठते. हीच साठवण पुढील वेळी त्याच्या एकमेवपणाचा पुरावा ठरते. शासनाने ही स्मृती स्वतःजवळ राखली नाही, तर 'दुसरा कोणी नाही' हे विधान खरे असते. पण ते शासनानेच खरे केलेले असते.

म्हणूनच १९८४ च्या कायद्याने सक्तीची केलेली लेखी कारणे इतिहासाच्या दृष्टीने मोलाची आहेत. २००८ च्या कायद्याने ती बहुतांशी लोकांसमोर ठेवणे आवश्यक केले. सुरक्षिततेच्या नावाखाली काही भाग अर्थातच झाकलेला राहतो. या कागदपत्रांची भाषा रुक्ष व साचेबंद आहे. तरीही त्यांतील 'केवळ', 'अन्य कोणीही नाही', 'विलंब परवडणार नाही' अशा पदावलीखाली प्रत्येक वेळी एक सत्यासत्यतेची कसोटी लावण्याजोगे विधान दडलेले असते. हे ज्ञान या संस्थेकडे केव्हा आले, कोणाच्या पैशाने आले आणि दुसरीकडे का गेले नाही, हे तीन प्रश्न त्या विधानास विचारले, म्हणजे मक्त्याची मक्तेदारी कोणत्या पानावर झाली, ते नेमके दाखविता येते. सार्वजनिक धोरणाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या संशोधकांनी सीमेवरील भिंतींइतकेच या पानांकडेही लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.