बंद घर उंदराला मोकळं



शिरूर अनंतपाळच्या मुलखातली जुनी घरं दगडमातीची, वर माळवद. वर्षाची ज्वारी बळदात नाहीतर पेवात. भिंतीच्या पोकळीत उंदीर असायचाच. पण घरात वावर असला की बीळ नजरेस पडे आणि लगेच बुजवलं जाई.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. धास्तीने अनेकांनी घरं सोडली, धान्य मात्र आतच राहिलं. पुढे ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि माणसांना प्लेगच्या गाठी आल्या. सोडलेल्या घरांतल्या धान्यावर उंदीर माजले, असं जाणकारांनी तेव्हा सांगितलं.

प्लेग पसरवते ती उंदराच्या अंगावरची पिसू. उंदीर मेला की ती माणसाकडे वळते.

म्हणून एवढं करा :

● घर बंद ठेवायचं असेल, तर आधी धान्य हलवा.
● जोत्याची व ओट्याखालची भोकं काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवा. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतूनही लहान उंदीर शिरतो.
● कणगी जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, भिंतीपासून सुटी ठेवा.
● उंदीर आपोआप मरू लागले, तर त्यांना हात लावू नका, विषही घालू नका. आरोग्य केंद्राला कळवा. आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा. हा क्रम चुकवू नका.