मज्जापेशीच्या चुली

गावात एखाद्या म्हाताऱ्याचा हात सारखा कापतो, चहा बशीत ओतताना सांडतो. आपण म्हणतो, वय झाले! पण सगळाच दोष वयाचा नसतो.

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या वैद्याने या कंपवाताचे नीट वर्णन लिहून ठेवले. कारण मात्र त्याला सापडले नाही. ते पेशीच्या पोटात दडले होते. १८९८ साली कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने पेशीतील काही सूक्ष्म कणांना ‘मायटोकॉण्ड्रिया’ असे नाव दिले. आपण त्यांना तंतुकणिका म्हणतो. या पेशीच्या चुली होत. अन्नातली बहुतेक ऊर्जा येथेच मोकळी होते.

आता मज्जापेशीची अडचण पाहा. काही पेशींचे घर कण्यापाशी आणि धागा थेट पावलापर्यंत, म्हणजे जवळजवळ एक मीटर लांब! एवढ्या वाटेवर चुली पोचवायच्या कशा? १९४८ साली पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी उंदरांचे मज्जातंतू आवळून पाहिले. पाटाला बांध घातला की वरच्या अंगाला पाणी तुंबते ना, तसा धागा पेशीकडच्या बाजूला फुगला. म्हणजे माल घरातून धाग्यात सतत वाहत असतो. १९८५ साली हा माल ओढून नेणारे ‘कायनेसिन’ हे प्रथिनही सापडले.

पण बिघडलेल्या चुलीचे काय? १९८३ साली कॅलिफोर्नियात काही तरुणांना भेसळीच्या मादक द्रव्याने एकाएकी कंपवातासारखा विकार जडल्याचे प्रसिद्ध झाले. ते विष तंतुकणिकांवरच घाव घालते, हे पुढे कळले. १९९८ साली जपानी संशोधकांना तरुणपणीच कंपवात होणाऱ्या घराण्यांत ‘पार्किन’ हे जनुक बिघडलेले आढळले. २००४ साली युरोपातील काही घराण्यांत ‘पिंक-१’. दोघांचे काम हळूहळू उलगडले. तंतुकणिका धड असली तर पिंक-१ तिच्या आत जाऊन नष्ट होते. ती बिघडली की ते दाराशीच साचते आणि पार्किनला बोलावते. २००८ साली अमेरिकेत नरेंद्र, यूल व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, पार्किन बिघडलेल्या तंतुकणिकेवर जाऊन बसते आणि मग पेशी तिला गिळून टाकते. हे प्रयोग प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवरचे. लांब धाग्याच्या मज्जापेशीत ही झाडलोट कशी चालते, याचा शोध अजून चालू आहे.

कंपवात मुळापासून थांबविणारे औषध अद्याप नाही. पण त्रास कमी करणारी औषधे आहेत. तेव्हा गुरुजी, मुलांना एवढे जरूर सांगा : आजोबांचा हात कापतो म्हणून हसू नका. त्यांना डॉक्टरांकडे न्यायला घरी सांगा.